सत्तेचाळीस लावला अन अठ्ठेचाळीस आला

प्रश्न: माह्या मालकाले सट्टापट्टीचा, म्हंजे मटक्याचा नाद लागला. सहा एकर कोरडवाहू आहे, कपाशी अन तूर. औंदा कापसाचा चुकारा घेऊन सोसायटीचं कर्ज भराले गेले अन अर्धा पैसा तिकडंच घातला. रात्री भिंतीवरच्या क्यालेंडरवर पेनानं आकडे मांडत बसतात. मी माहेरून चाळीस हजार आणून देणं फेडलं, पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ खाल्ली त्यायनं, दोन महिन्यात परत तेच. दारू नाही, शिवी नाही, माणूस चांगला आहे. मंग हे काऊन सुटत नाही जी?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: ताई, ते क्यालेंडरच बघा एकदा नीट. सत्तेचाळीस लावला अन अठ्ठेचाळीस आला असं काहीतरी त्यावर असणारच. आपल्या मनाला वाटतं थोडक्यात हुकलं, म्हणजे जमत आलं! खरं तर अठ्ठेचाळीस आला काय नि झिरो-तीन आला काय, हरणं सारखंच, पण "थोडक्यात हुकलं" हे मेंदूला हरण्यापेक्षा जिंकण्याच्या जवळचं वाटतं आणि माणूस परत लावतो. त्यात भर म्हणजे मधेमधे लागतोही. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर हेच पाहिलं, चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की पक्षी नुसता टोचतच राहतो, आणि दाणा बंद केला तरी लवकर थांबत नाही.

हिशेब तर साधा आहे. सिंगल आकड्याला, म्हणजे शून्य ते नऊपैकी एकाला, लागला तर साधारण दहाचे नव्वद देतात, म्हणजे दहाही आकड्यांवर दहा-दहा लावले तर शंभर गेले, नव्वद आले. क्यालेंडर कितीही रंगवा.

पण तुमच्या मालकांना हा हिशेब कळत नसेल असं मला नाही वाटत, चुकाऱ्यात किलोकिलोची कटती मोजणारा माणूस आहे तो. त्यांना हाव सुटली नाहीये, त्यांना गेलेले पैसे परत घरी आणायचेत. १९७९ साली कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं होतं, नक्की ३००० घालवता, की ४००० जायची ८० टक्के शक्यता घेता, उरलेल्या २० टक्क्यात काहीच जाणार नाही? १०० पैकी ९२ जणांनी दुसरं निवडलं, सरासरीनं ते महाग पडत असूनही. तोट्यात असलेला माणूस जास्त धोका पत्करतो तो असा. आणि कोरडवाहूवाल्याला तर दरवर्षी पावसावर सगळं लावायची सवयच, दुबार पेरणी म्हणजे दुसरं काय असतं? (गंमत बघा, हा मटका निघाला तोही कापसातूनच, न्यूयॉर्कच्या कापसाचे उघडायचे-बंद व्हायचे भाव मुंबईत तारेनं यायचे त्यावर पैजा लागायच्या, मडक्यातल्या चिठ्ठ्या नंतर आल्या.)

आता चाळीस हजाराचं. रागावू नका पण ते देऊन तुम्ही त्यांचा डाव पुन्हा मांडून दिला, तोटा झाकला गेला आणि नव्यानं खेळायची मोकळीक मिळाली. यापुढं देणं परस्पर फेडू नका. सावकार असो की सोसायटी, हप्ते बांधून घ्या आणि ते मालकांच्याच कमाईतून जाऊ द्या. चुकारा तुमच्या खात्यात येईल असं बघा, रोख हातात नको. शपथा तर बंदच करा, मोडली की माणूस लाजेनं अजून लपवायला लागतो.

हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही आहे, आणि बोलून-समजावून होणाऱ्या उपचारानं बऱ्याच जणांना फरक पडतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो तिथं न्या, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदत-फोनच्या नंबरवर आधी तुम्हीच बोला, फुकट आहे, मराठीत बोलतात. एक गोष्ट मात्र आजच करा, ते गप्प राहायला लागले, झोप उडाली, "माझ्यामागं तुम्ही सुखी रहाल" असं काही बोलले तर एकटं सोडू नका, आणि फवारणीचं औषध घरात ठेवत असाल तर ते शेजारी कुलपात ठेवायला द्या.

क्यालेंडर रागानं फाडू नका हं. डॉक्टरकडे जाताना तेच गुंडाळून सोबत घ्या, कधीपासून अन किती ते सगळं त्यावर त्यांच्याच हातानं लिहिलेलं आहे.