वाचक विचारतात : खरा मित्र जेवण झाल्यावर येतो

प्रश्न : गेल्या महिन्यात मी आणि माझी महाविद्यालयात शिकणारी मुलगी, दोघींनी मिळून टॉम हँक्स आणि मेग रायन यांचा ‘यू हॅव गॉट मेल’ (१९९८) पाहिला आणि तो ज्या चित्रपटावर बेतला आहे तो ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०) दुसऱ्या दिवशी पाहिला. मला जुना अधिक भावला. मुलगी म्हणते की तो संथ आहे आणि मला जुने ते सोने वाटण्याची खोड आहे. पण मी दोन्ही चित्रपट पहिल्यांदाच पाहत होते, तेव्हा आठवणींचा उमाळा म्हणावा तर तोही नाही. मग हा फरक कशाचा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी संथपणाचा हिशेब मिटवू. जुना चित्रपट ९९ मिनिटांचा आहे आणि नवा ११९ मिनिटांचा, हे आपल्या कन्येला अवश्य सांगावे.

आपण तुलनेसाठी जोडी मात्र नामी निवडली आहे. मिक्लोश लास्लो या हंगेरियन नाटककाराच्या ‘पार्फ्युमरी’ या नाटकावरून अर्न्स्ट लुबिच यांनी १९४० मध्ये जेम्स स्ट्युअर्ट आणि मार्गारेट सुलावन यांना घेऊन चित्रपट केला आणि अठ्ठावन्न वर्षांनी नोरा एफ्रन यांनी तीच गोष्ट न्यूयॉर्कमध्ये नेली. प्रत्यक्षात एकमेकांना पाण्यात पाहणारी दोन माणसे निनावी पत्रांतून मात्र एकमेकांवर जीव टाकतात, हा सांगाडा दोन्हीकडे कायम आहे. टपालाच्या जागी ई-मेल आले हा बदल सर्वांना दिसतो. माझ्या मते त्याहून मोठा बदल पगाराच्या बाबतीत झाला आहे, आणि आपल्याला जे भावले त्याचे मूळ तेथे सापडेल.

जुन्या चित्रपटातील नायक क्रालिक हा बुडापेस्टमधील चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात नोकर आहे. लग्नाचा विचार मनात आल्यावर तो पिरोविच या वडीलधाऱ्या सहकाऱ्याला विचारतो काय, तर दोन माणसांच्या संसाराला खर्च किती येतो. पिरोविच त्याला एकेक खोली कमी करून दाखवतो. जेवणाची वेगळी खोली कशाला हवी, स्वयंपाकघरातही जेवता येते. आणि पाहुण्यांचे म्हणाल, तर जो खरा मित्र असेल तो जेवण झाल्यावर येईल. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वाढलेल्या कोणाही मराठी माणसाला हा संवाद समजावून सांगावा लागणार नाही. हाच पिरोविच, मालक ‘तुमचे प्रामाणिक मत सांगा’ असे म्हणू लागले की, हळूच जिना चढून दिसेनासा होतो. आपण त्याच्या भित्रेपणाला हसतो, पण त्याच्या घरी बायको आणि मुले आहेत हेही विसरत नाही.

नायिका क्लारा चित्रपटात प्रथम येते ती नोकरी मागायला. मालकांना आवडलेली आणि क्रालिकला मुळीच न पटलेली एक वाजणारी सिगारेटची पेटी ती एका गिऱ्हाइकाला गोळ्या-चॉकलेटांची पेटी म्हणून विकते. झाकण उघडले की गाणे वाजते आणि आपण फार खात आहोत याची आठवण होते, असे ती पटवून देते. त्या एका विक्रीवर तिला नोकरी मिळते, क्रालिक मालकांसमोर खोटा पडतो आणि दोघांच्या वैराला तेथूनच सुरुवात होते. पुढे ज्या संध्याकाळी त्याने आपल्या पत्रमैत्रिणीला कॅफेत भेटायचे ठरवलेले असते, नेमक्या त्याच दिवशी मालक त्याला कामावरून काढून टाकतात. बेकार माणूस कोणत्या तोंडाने मुलीसमोर जाणार? म्हणून तो पिरोविचला खिडकीतून आत डोकावायला सांगतो, आणि ‘आना कारेनिना’ ही कादंबरी समोर ठेवून बसलेली मुलगी क्लारा निघते.

नव्या चित्रपटातही खिडकी आहे, डोकावणारा मित्र आहे. टेबलावर जेन ऑस्टिनची कादंबरी आणि गुलाबाचे फूल आहे. पण आता नायक जो फॉक्स हा पुस्तकांच्या अवाढव्य दुकानांचा वारसदार आहे आणि कॅथलीन केली ही आईने सुरू केलेले लहान मुलांच्या पुस्तकांचे छोटे दुकान चालवते. नायकामुळे नायिकेचे दुकान बुडते. पूर्वी जे दोघे एकाच मालकाच्या मर्जीवर जगत होते, त्यांपैकी एकाला एफ्रन यांनी मालक करून टाकले, आणि त्यामुळे एका साध्या युक्तीचा अर्थच पालटला. समोरची व्यक्ती कोण हे नायकाला आधी कळते आणि तो ते दडवून ठेवतो, असे दोन्ही चित्रपटांत घडते. क्रालिक दडवतो तेव्हा त्याची नोकरी नुकतीच गेलेली असते आणि त्याचा अभिमान दुखावलेला असतो. शिवाय नोकरी परत मिळून दुकानाची जबाबदारी हाती आल्यावरही तो नाताळच्या संध्याकाळपर्यंतच गंमत करतो. जो फॉक्स मात्र जिचे दुकान त्याने बंद पाडले तिच्या दारी फुले घेऊन जातो, तिच्याशी मैत्री वाढवतो आणि अनोळखी पत्रमित्राविषयी तिलाच खोदून खोदून विचारतो. हँक्स यांच्या चेहऱ्यावरचा भलेपणा इतका मोठा आहे की आपण हे सर्व पोटात घालतो. दुसऱ्या एखाद्या नटाच्या बाबतीत घातले असते का, याची मला शंका आहे.

क्रालिकची शेवटची थट्टाही पैशांभोवतीच फिरते. तुझा पत्रमित्र मला भेटून गेला, असे तो क्लाराला सांगतो. त्याचे नाव पॉपकिन आहे, तो चांगलाच लठ्ठ आहे, सध्या बेकार आहे आणि तुझ्या पगारात दोघांचे भागेल असे त्याला वाटते. क्लाराचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा आहे. जिच्या प्रेमाला पगाराचा आकडा ठाऊक आहे, तिचीच अशी थट्टा करता येते. कॅथलीनला कोणी असे सांगितले असते तर ती गोंधळली असती, घाबरली नसती.

आणि टपालाविषयी एकच गोष्ट सांगतो. क्लारा आपली टपालपेटी पाहायला जाते तेव्हा कॅमेरा पेट्यांच्या आतल्या बाजूला आहे. हातमोजा घातलेला एक हात रिकाम्या खणात शिरतो, चाचपडतो, मागे जातो आणि मग त्या चौकोनात तिचा चेहरा दिसतो. संवादाचा एक शब्द नाही. संगणकाच्या पडद्यावरील रिकाम्या पेटीला हे साधणे कठीण, हे एफ्रन यांनाही जाणवले असावे, कारण त्यांच्या चित्रपटातील सर्वांत हळवा क्षण संगणकापासून दूर आहे : दुकान बंद करताना कॅथलीन दारावरची घंटी काढून बरोबर घेते. तो प्रसंग खरोखर उत्तम आहे, आणि आपली कन्या त्या प्रसंगासाठी नव्या चित्रपटाची बाजू घेत असेल तर मीही तिच्या बाजूने हात वर करीन.

जाता जाता, काळाने केलेली एक गंमत पाहा. १९९८ मध्ये ज्यांना खलनायक ठरवले होते त्या भव्य पुस्तकदुकानांनाच पुढे इंटरनेटवरील विक्रीने जेरीस आणले. अमेरिकेतील ‘बॉर्डर्स’ ही प्रचंड साखळी २०११ मध्ये बंद पडली. आज फॉक्स यांचे दुकानच जपावेसे वाटते.

प्रश्न : पूर्वीच्या चित्रपटांतील गैरसमज आज मोबाइलवरील एका निरोपाने मिटले असते. मग आजच्या रोमँटिक कॉमेडीने अडथळा आणायचा कोठून?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) घेऊ. हा चित्रपट आपल्याकडे ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) या रूपांत येऊन गेला आहे. धनाढ्य बापाच्या घरून पळालेली मुलगी आणि नोकरी गेलेला बातमीदार एका खोलीत मध्ये घोंगडी टांगून रात्र काढतात, तोच हा चित्रपट. शेवटाकडे तो तिला झोपलेली सोडून मध्यरात्री निघून जातो आणि तिला वाटते की त्याने दगा दिला. एका निरोपाने हा गैरसमज टळला असता हे खरे आहे. पण तो गेला कशासाठी? मागणी घालायची तर खिशात काही असावे म्हणून, संपादकाकडून १००० डॉलर आणायला. नंतर मुलीच्या बापाकडे तो बक्षिसाचे १०,००० डॉलर मागत नाही, फक्त झालेल्या खर्चाचे ३९ डॉलर ६० सेंट मागतो, आणि त्या आकड्यावरून बापाला जावयाची पारख होते. खिसा आणि अभिमान यांच्यातील ही ओढाताण मोबाइलने सुटत नाही.

आजच्या काळातले उदाहरण हवे असेल तर ‘द बिग सिक’ (२०१७) पाहावा. शिकागोतील पाकिस्तानी कुटुंबातला मुलगा उबरची गाडी चालवून पोट भरतो आणि रात्री मंचावर विनोद सांगतो. आई दर जेवणाला एक ‘सहज आलेली’ उपवर मुलगी घरी बोलावते आणि त्या मुलींचे फोटो हा सिगारच्या डब्यात साठवत जातो. तो डबा गोऱ्या प्रेयसीच्या हाती लागतो तेव्हा दोघांच्याही खिशात फोन असतातच.

प्रश्न : ‘छोटी सी बात’ (१९७६) माझा अत्यंत आवडता चित्रपट आहे. अलीकडे मुलाबरोबर पाहताना तो म्हणाला, ‘बाबा, हा नायक तर मुलीचा पाठलाग करतो.’ मी निरुत्तर झालो. आपले मत काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे बरोबर आहे. अरुण रोज बसथांब्यापासून प्रभाच्या कार्यालयापर्यंत तिच्या मागे जातो. बासू चटर्जी यांनी त्याला धोकादायक होऊ दिले नाही, कारण अमोल पालेकरांचा अरुण हा नजरेला नजर भिडताच स्वतःच गर्भगळीत होणारा नोकरदार आहे. प्रभालाही तो आवडतो आणि तो कधी बोलेल याची ती वाट पाहत असते. प्रेक्षकाला हे ठाऊक असते म्हणून तो निर्धास्त हसतो. प्रत्यक्षात रस्त्याने चालणाऱ्या मुलीला मात्र मागून येणाऱ्याच्या मनातले कळण्याची सोय नसते, आणि आजची पिढी पडद्यावर ते आधी पाहते. तो चित्रपटाचा अपमान आहे असे मला वाटत नाही.

मला स्वतःला खटकते ते पुढचे. अशोक कुमार यांनी रंगवलेले खंडाळ्याचे कर्नल साहेब अरुणला जे धडे देतात, त्यांपैकी टेबल टेनिसमध्ये नागेशला, म्हणजे प्रभाच्या मागे असलेल्या त्याच्या प्रतिस्पर्ध्याला, हरवणे निखळ मजेचे आहे. प्रभाला वश करण्याच्या युक्त्या पाहताना मात्र आता हसू थोडे उशिरा येते. तरीही हा चित्रपट मी पुन्हा पाहतो, आणि पाहतो तो पूर्वार्धासाठी. बसच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीसमोर नागेश स्कूटर आणून थांबवतो आणि ती मागे बसून निघून जाते, तेवढ्या दृश्यात सत्तरच्या दशकातील मुंबईतली वर्गव्यवस्था आली आहे. स्कूटरला उत्तर म्हणून अरुण मोटारसायकल घेतो आणि ती भर रस्त्यात बंद पडते. चित्रपटगृहात धर्मेंद्र-हेमामालिनी यांचे गाणे पाहताना तो त्यांच्या जागी स्वतःला आणि प्रभाला पाहू लागतो, कारण ज्याच्या पदरी बसचा पास आहे त्याला तेवढेच परवडते.

मुलाला तुलनेसाठी काही दाखवायचे असेल तर सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) दाखवा. स्थळ नाकारायला पुण्यात आलेली मुंबईची मुलगी पत्ता विचारता विचारता भेटलेल्या मुलाबरोबर दिवस घालवते. पाठलाग नाही, दोघे शेजारी शेजारी चालतात आणि मुक्ता बर्वे यांची नायिका स्वप्नील जोशी यांच्या नायकाला वाक्यागणिक उत्तर देते. नोकरी, भाडे, महिनाअखेर यांचा त्या दिवसाला फारसा स्पर्श नाही, सगळा भार बोलण्यावर आहे, आणि दिवस एकच असल्यामुळे तो पेलला जातो. शेवट येथे सांगत नाही. तो पाहून झाल्यावर मात्र चिरंजीवांना एवढे अवश्य विचारा की समोरच्याला अंधारात ठेवण्याची क्रालिकची जुनी खोड या नायकाने सोडली आहे का.