वडिलांचं फिशिंगचं सामान घरात पडून आहे, पुण्यात लहान मुलांना द्यायचं असेल तर कुणाला आणि कसं द्यावं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना गुडघ्यांमुळे आता धरणावर जाणं होत नाही, माळ्यावर सहा-सात रॉड, काही रील आणि गळांनी भरलेला डबा पडलाय, भंगारात घालायचं जिवावर येतं आणि कुठल्या तरी पोरांच्या हाताला ते लागावं असं वडिलांनाही वाटतंय. जरूर द्या, यासारखी चांगली गोष्ट नाही. फक्त डबा जसाच्या तसा उचलून एखाद्या पोराच्या हातात देऊ नका. सामान एकट्या मुलाला द्यायचंच नाही, मूल आणि त्याच्यासोबत पाण्यावर जाणारा एक मोठा माणूस अशा जोडीला द्यायचं, मग तो बाप असो, मामा असो, आजोबा असोत, आई असेल तर फारच छान. तो मोठा माणूस नसेल तर मूल कितीही गोड असलं, कितीही मागे लागलं तरी मी देत नाही.

मी सिंहगड रोडला राहतो, पानशेत-वरसगावच्या बाजूला बरीच वर्षं गळ टाकायला जातो आणि आमच्या ग्रुपमधल्या लोकांचं जुनं सामान तिकडच्या पोरांना देत आलोय, त्यामुळे जे लिहितोय ते तिथं बघितलेलंच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे धरणाकाठच्या गावातल्या पोरांना मासे धरता येत नाहीत असं समजून जाऊ नका, त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त येतं. त्यांच्याकडे रॉड नसतो, पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली असते, तिच्यावर तंगूस, म्हणजे मासे धरायची नायलॉनची बारीक दोरी, गुंडाळलेला, टोकाला गळ, वीतभर वर वजनाला काहीतरी आणि तरंगायला तुटक्या स्लीपरच्या रबराचा तुकडा. वरसगावच्या बाजूला एक आठ-नऊ वर्षांची मुलगी बघितली, डाव्या हातात बाटली तोंड पाण्याकडे करून धरलेली, उजव्या हाताने गळाची बाजू दोनदा फिरवून सोडली आणि तंगूस बाटलीच्या तोंडावरून सरसर निघून गेला, महागड्या स्पिनिंग रीलमधून जातो ना अगदी तसाच, कारण तत्त्व तेच आहे, स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेलं रीळ, फिरत नाही, दोरी त्याच्यावरून सुटून जाते. मासा लागला की बाटलीवर गुंडाळत आणायचा. लहान मुलांसाठी यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही, मोडत नाही, कुणाच्या डोळ्यात टोक जात नाही आणि दप्तरात मावतं. त्यामुळे वडिलांच्या सामानात रॉड कमी आणि दोरी-गळ जास्त असतील तर घरी बसून अशा बाटल्याच भरा, एका बाटलीवर पंचवीस-तीस मीटर नवा तंगूस पुरे, म्हणजे एका डब्यातून बऱ्याच पोरांचं काम होतं.

रॉडचं म्हणाल तर पाच-सहा फुटांचे तेवढे मुलांना द्या. आठ-दहा फुटी रॉड पोराला आवरत नाही, मागे उभ्या असलेल्या भावाच्या गालात गळ घालतो, तो घरातल्या मोठ्या माणसाला द्या. फायबरचे जुने जाड रॉड पोरांना सगळ्यात बरे, आपटले तरी चालतात. कार्बनचा, म्हणजे काळा हलका ग्रॅफाइटचा रॉड असेल तर देण्याआधी शंभरदा विचार करा, त्यातून करंट जातो. धरणाच्या काठाला शेतीपंपांच्या तारा किती खाली लोंबतात ते तुम्ही बघितलं असेलच, आणि पोरं रॉड उभा धरूनच पळतात. मी कार्बनचा रॉड मुलांना देतच नाही.

रील खोलून बघा. हँडल फिरतंय का, बेल वायर, म्हणजे रीलवरची उघडझाप होणारी तारेची कमान, टकन बंद होतेय का, ड्रॅग, म्हणजे दोरी किती ताणावर सुटेल ते ठरवणारा स्क्रू, ढिला-घट्ट होतोय का. समुद्रावर वापरलेलं असेल तर साध्या पाण्याने धुवा, वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब हँडलच्या सांध्यात सोडा, बहुतेक वेळा एवढ्यावर चालू होतं. दोरी मात्र जुनी ठेवू नका. नायलॉनचा तंगूस उन्हाने कुजतो, दिसायला चांगला असतो पण गाठ मारून झटका दिला की तुटतो. तुटला की गळासकट मासा जातो आणि तो तोंडात गळ घेऊन फिरतो, पोर रडतं ते वेगळंच. पाव मिलिमीटर जाडीचा नवा तंगूस भरा, महाग नसतो. ब्रेडेड लाइन, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी, असेल तर काढून टाका, मोठा मासा ओढायला लागला की ती बोटं चिरते. काढलेली जुनी दोरी अशीच कचऱ्यात टाकू नका, कात्रीने बोटभर तुकडे करून टाका. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने (एनजीटी) 2017 साली देशभर बंदी घातली ती का घातली हे पुण्यात वेगळं सांगायला नको, आणि काठावर सोडलेला तंगूस पक्ष्यांचं तेच करतो, भिगवणला उजनीच्या पाण्यावर इतके पक्षी येतात तिथे तर जास्तच. पोरांना सामान देताना ही एक सवय लावून द्या की काठावर दिसलेली दोरी उचलून खिशात घालायची, आपली असो नाहीतर दुसऱ्याची.

आता गळ. डब्यातले गंजलेले सगळे बाजूला काढा. तीन तोंडांचे गळ, जे लूरला, म्हणजे आमिष म्हणून वापरायच्या खोट्या माशाला, लावलेले असतात, ते मुलांना अजिबात नको, एक तोंड माशात असतं आणि दुसरं पोराच्या अंगठ्यात. लूर द्यायचंच असेल तर हा तीन तोंडांचा गळ काढून साधा एक गळ लावा. नंबर उलटे चालतात हे वडिलांना माहीत असेल, दहा नंबरचा गळ सहाच्या पेक्षा लहान. चिलापी (तिलापिया) आणि बारीकसारीक माशांना आठ ते बारा नंबर बरोबर पडतो, मुलांना तेच लागतात. आणि प्रत्येक गळाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो तो पक्कडीने दाबून सपाट करा, हे काम कंटाळवाणं आहे पण सगळ्यात महत्त्वाचं तेच. काटा दाबलेला गळ बोटात गेला तर आला तसा मागे ओढून निघतो. न दाबलेला गेला तर गाडी काढा, दवाखाना शोधा, टिटॅनसचं इंजेक्शन. मासे सुटतील असं पोरं म्हणतात, थोडे सुटतातही, दोरी ताणलेली ठेवायला शिकली की नाही सुटत.

शिसं हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. डब्यात चिरलेल्या बारीक शिशाच्या गोळ्या असतील, तंगूसवर बसवून दाबायच्या असतात त्या. पोरं त्या दाताने दाबतात. पक्कड कुठे असते त्यांच्याकडे, तोंडात घातली आणि चावली, एक झाली की दुसरी, दोन-चार तर गालात धरून ठेवलेल्या असतात. शिसं मुलांच्या मेंदूला वाईट, त्याचं सुरक्षित असं प्रमाणच नाही आणि लहान मूल गोळी गिळूनही टाकतं. ब्रिटनने हंस मरतात म्हणून 1987 साली छोट्या शिशाच्या वजनांची विक्री बंद केली, पाण्यातले हंस त्या गोळ्या खड्यांबरोबर गिळायचे. आपल्याकडे कुणी बंद केलेलं नाही म्हणून आपणच बंद करायचं. हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी नट आणा, तंगूस त्यातून ओवून गाठ मारली की झालं वजन, पाहिजे तेवढं लहान-मोठं मिळतं. शिसं सगळं काढून घ्या, एकही गोळी पोरांकडे जाऊ देऊ नका.

कुणाला द्यायचं, तर शाळेत नेऊन रांगेत वाटू नका. दिसायला छान दिसतं, फोटो निघतात, पण ज्या घरात सोबत जायला कुणी नाही तिथेही गळ पोचतो आणि दुपारी पोरं एकटी पाण्यावर जातात. त्यापेक्षा गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या माणसांना भेटा. धरणातली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडेच असते, त्यामुळे पोरांनी काठावरून गळ टाकलेला चालेल का, कुठे चालेल हे तसंही त्यांनाच विचारायला लागतं. त्यांना कुणाच्या घरातली मुलं आवडीने येतात, कुणाचा बाप सोबत असतो हे सगळं माहीत असतं. झेडपीच्या शाळेतले गुरुजी किंवा बाईसुद्धा बरोबर घर सांगतात. शहरातली मुलं हवी असतील तर तुम्ही राहता त्या सोसायटीत आधी आईबापांशी बोला, रविवारी दोन तास मोबाईल खिशात ठेवून पोराबरोबर काठावर बसणार का एवढं विचारा, हो म्हणाले तर बिनधास्त द्या. शहरातल्या मुळा-मुठेत मात्र पाठवू नका, आणि तिथला मासा तर खायचा नाहीच, सांडपाणी आहे ते.

घरच्यांना विचारण्याचं अजून एक कारण आहे. मावळ, हवेली, मुळशीकडे कितीतरी घरं माळकरी आहेत. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि नातू गळ घेऊन आला तर त्या घरात उगाच वाद होतो, आणि पोराला वाटतं आपण काहीतरी पाप केलं. आधी आजोबांना नमस्कार करा, विचारा, नको म्हणाले तर मनापासून नको समजा. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे लोक धरत नाहीत, त्यांना खायला घालतात, ही पण आपल्याकडचीच माशांची माया आहे, तिचा मान ठेवायचा.

पाण्याबद्दल कडक राहा. एप्रिल-मे मध्ये पाणी खाली जातं आणि काठाला गाळ उघडा पडतो, वरून वाळलेला दिसतो, पाय टाकला की मांडीपर्यंत आत. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडतात तेव्हा नदीपात्रात उभं राहायचं नाही. म्हणून द्यायची वेळ दिवाळीची सुट्टी, धरणं भरलेली असतात, पाणी शांत झालेलं असतं आणि रोहू-कटल्याचा अंडी घालायचा पावसाळाही संपलेला असतो. प्रत्येक संचाबरोबर झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन आणि त्याला बांधलेली दहा-पंधरा मीटरची जाड दोरी द्या. कुणी पडलंच तर मागे उडी मारायची नाही, कॅन फेकायचा आणि काठावर आडवं पडून ओढायचं. हे पोरांकडून तिथल्या तिथे दोन-तीनदा करून घ्या, त्यांना खेळ वाटतो आणि लक्षात राहतं.

मासा कसा सोडायचा हेही त्याच दिवशी दाखवा, ओल्या हाताने धरायचा, बोटाएवढा असेल तर परत पाण्यात. आफ्रिकन मांगूर लागला तर मात्र सोडायचा नाही, तो पाळायला बंदी आहे, तो बाकीचे मासे संपवतो, त्यामुळे मच्छीमार सोसायटीच्या माणसांना दाखवायचा.

आणि वडिलांचं. त्यांना काठावर उतरता येत नसेल पण गाठ तर शिकवता येईल. दोन-तीन पोरं आणि त्यांचे आईबाप एखाद्या रविवारी घरी बोलवा, गच्चीत सतरंजी टाका. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवायचा, स्वतःभोवती पाच-सहा वेढे, टोक परत गळाजवळच्या पहिल्या फटीतून, थुंकीने ओलं करून हळू ओढायचं. कोरडी ओढली की तंगूस घासून गरम होतो आणि गाठ कच्ची राहते, ही गोष्ट पोरांना व्हिडिओ बघून नाही कळत, शेजारी बसलेल्या माणसाने बोट धरून दाखवली की कळते. पहिल्यांदा जाड सुतळी आणि गळाऐवजी चावीची रिंग घेऊन करायला लावा. वडिलांनी कुठल्या रॉडवर कुठला मासा धरला तेही त्यांना सांगू दे, पोरांना ऐकायला फार आवडतं आणि रॉड जपून वापरला जातो.

डब्यात एखादं चांगलं कंपनीचं महाग रील निघालं तर ते पोरांना न देता विका. धरणावर जाणारे हौशी लोक जुन्या चांगल्या रीलला पैसे मोजतात. त्या पैशातून मुलांच्या मापाची दोन लाइफ जॅकेट घ्या आणि मच्छीमार सोसायटीच्या माणसांकडे ठेवायला द्या, जे पोर काठावर येईल त्याने घालायचं.