वाचकांचे प्रश्न : फ्लामेंको नक्की कुणाचं?

प्रश्न : मी पुण्यात स्पॅनिश शिकतेय. क्लासमधला एकजण म्हणतो फ्लामेंको, म्हणजे ते गिटारवरचं गाणं आणि नाच, ही शुद्ध स्पॅनिश कला, दुसरा म्हणतो ते राजस्थानातून गेलेल्या जिप्सींनी तिकडे नेलं, म्हणजे मूळ आपलंच. खरं काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मला दोघांचंही पटत नाही. बरं झालं विचारलंत, कारण हे राजस्थानवालं हल्ली व्हिडिओंमधून फार फिरतंय. जिप्सी म्हणजे रोमा लोकांचे पूर्वज भारतातून निघाले हे भाषेवरून आणि आता जनुकांवरूनही पक्कं झालंय, पण ते स्पेनमधे पोचले 1425 च्या सुमारास, मधे इराण, आर्मेनिया, बाल्कन असा कित्येक शतकांचा प्रवास झालेला, आणि फ्लामेंको म्हणावं असं काही दिसायला लागतं ते थेट 18व्या शतकाच्या शेवटी, तेही आंदालुसियात, म्हणजे स्पेनच्या दक्षिण भागात. रोमा तर हंगेरीत आहेत, रोमानियात आहेत, मग तिकडे का नाही झालं फ्लामेंको? त्याला सेव्हिया, कादिस, हेरेस हीच गावं लागली. तिथे अरबी अंमलाची शतकानुशतकांची आठवण होती, गावागावातली लोकगीतं होती, सेव्हियात 16व्या शतकात हजारो आफ्रिकी गुलाम होते आणि बंदरात हवानाहून परतलेली जहाजं लागत होती.

यात हितानोंचा (स्पेनमधल्या रोमांना तिथे हितानो म्हणतात) वाटा फार मोठा आहे, ते ठामपणे सांगायलाच हवं. 1499 पासून त्यांच्याविरुद्ध कायदे झाले, 1749 च्या जुलैत तर राजाच्या हुकमावरून देशभर एकदमच धरपकड झाली, हजारो लोक, पुरुष एकीकडे आणि बायका-पोरं दुसरीकडे. आणि ज्यांना असं संपवायला निघाले होते त्यांचंच गाणं पुढे हुकूमशहा फ्रँकोच्या काळात टुरिस्टांसाठी देशाचा चेहरा म्हणून पोस्टरवर लावलं, याचा मला आजही राग येतो.

पण एकट्या हितानोंचंही ते नाही. 19व्या शतकातला मोठा गायक सिल्व्हेरियो फ्रांकोनेत्ती, ज्याने सेव्हियात कॅफे काढून हे गाणं घराघरातून स्टेजवर आणलं, तो हितानो नव्हता, वडील इटालियन आणि स्वतः काही वर्षं उरुग्वेत राहून परतलेला. फ्लामेंकोत एक अख्खा गटच आहे, गुआहिरा, रुंबा, मिलोंगा असले प्रकार, ज्यांना तिकडे 'जाऊन-येऊन झालेली गाणी' म्हणतात, म्हणजे क्यूबा-अर्जेंटिनाशी नातं सांगणारी.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण काहोन या तालवाद्याचं. आज कुठलाही फ्लामेंको कार्यक्रम बघा, गिटारवाल्याशेजारी एकजण लाकडी खोक्यावर बसून पुढच्या पातळ फळीवर तळव्यांनी वाजवत असतो, मागे एक गोल भोक असतं. बघून वाटतं हे शेकडो वर्षांचं असणार. ते मूळ पेरूच्या किनाऱ्यावरच्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचं वाद्य, सामानाच्या खोक्यांतून जन्मलेलं. फ्लामेंकोचा नामवंत गिटारवादक पाको दे लुसियाने 1977 मधे लिमात ते ऐकलं, एक सोबत घेऊन आला, त्याच्या ग्रुपमधल्या ब्राझिलियन तालवादकाने ते वाजवायला घेतलं आणि बघता बघता सगळ्यांनी उचललं. स्पेनमधे मग फळीच्या आतून गिटारच्या तारा लावल्या, त्यामुळे आवाजाला ती बारीक झणझण आली जी पेरूच्या काहोनला नसते. दोन्ही एकापाठोपाठ ऐका, फरक लगेच कळतो. आणि हा पाको स्वतः हितानो नव्हता, त्याची आई पोर्तुगीज!

नाचणारीच्या खांद्यावरची ती फुलाफुलांची झालरवाली शाल तर चीनमधे भरतकाम होऊन मनिलाला, तिथून गॅलियन जहाजाने मेक्सिकोला आणि मग स्पेनला यायची, 1815 पर्यंत ही जहाजं चालू होती.

तेव्हा क्लासमधल्या दोघांना सांगा, फ्लामेंको आंदालुसियाचंच आहे, फक्त आंदालुसियात कोण कोण राहायचं ते आधी बघा.

प्रश्न : माझा भाऊ टेक्ससला असतो. तो म्हणतो तिकडे मेक्सिकन, क्यूबन, पेरूचे सगळेच 'हिस्पॅनिक'. हे लोक खरंच एक आहेत का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एक वंश म्हणून अजिबात नाही. हा गट, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांशी नातं असलेले लोक, मुख्यतः अमेरिकन सरकारच्या फॉर्मवर पक्का झाला, 1980 च्या जनगणनेत 'तुम्ही हिस्पॅनिक आहात का' हा प्रश्न सगळ्यांना विचारला आणि 2020 मधे 6 कोटी 21 लाख लोक त्यात मोजले गेले. त्यात मूळनिवासी आले, आफ्रिकी वंशाचे आले, युरोपियन आले, सगळ्यांची सरमिसळही आली. पेरूचंच घ्या, तिथे जपानी वंशाचे फुजिमोरी 10 वर्षं राष्ट्राध्यक्ष होते आणि चिनी-पेरूव्हियन जेवणाची 'चिफा' हॉटेलं लिमात गल्लोगल्ली आहेत. तिथून टेक्ससला आलेला माणूस घरी स्वतःला पेरूचाच म्हणेल. पण नोकरीत, शाळेत, मतदानात सगळ्यांना 'हिस्पॅनिक' म्हणून एकाच मापाने वागवलं जातं म्हटल्यावर एकत्र यावंसं वाटतं, आणि ते नातं मी खोटं म्हणणार नाही. आत्तापर्यंत वंश आणि हिस्पॅनिक हे दोन वेगळे प्रश्न असायचे, 2024 मधे ते एकत्र करायचा नियम आला. त्याला आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच लॅटिनोंनी (लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांनी) हरकत घेतली, त्यांना वाटतं एकाच प्रश्नात आपण काळे आहोत हे मोजायचंच राहून जाईल, आणि मला त्यांची भीती रास्त वाटते.