बुलबुलाच्या पिल्लांनाच डास का चावतात?

ताई, तुम्ही विचारलंय की बाल्कनीतल्या बुलबुलाच्या पिल्लांवर संध्याकाळी डास घोंगावतात, पण शेजारच्या कठड्यावरच्या कबुतराकडे फिरकत नाहीत. तर डास पक्षी पारखून चावतात का? हो, पारखतात. पण तुमच्याकडे मुख्य कारण पिल्लांचं उघडं अंग हेच असावं.

चावते ती मादीच, अंड्यांसाठी. पुण्यात नदीतल्या जलपर्णीतून आणि तुंबलेल्या गटारांतून उठणारा डास बहुतेक क्युलेक्स जातीचा. त्याला माणूस चालतो, पक्षीही चालतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला लांबून कळतो, मग अंगाचा वास, जवळ गेल्यावर ऊब. नोनानल नावाचं रसायन माणसाच्या आणि पक्ष्यांच्या, दोघांच्याही अंगातून येतं आणि क्युलेक्सला ते फार तीव्रतेने जाणवतं, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. मोठ्या पक्ष्यावर बसली तरी पिसांतून सोंड घालणं अवघड, म्हणून ती पापण्या, चोचीचं मूळ, पाय असं काही शोधते. पिल्लाला तर पिसंच नाहीत.

शिवाय तिला बसू कोण देतं, हेही आहेच. फ्लोरिडात बगळ्यांवर प्रयोग झाले होते. पाय झटकणाऱ्या, मान हलवणाऱ्या बगळ्यांवर डासांना धड पोट भरता येईना. रातबगळा मात्र निमूट चावून घेई. येरवड्याच्या सलीम अली अभयारण्यात पाण्याकडे टक लावून बसलेला रातबगळा पाहिलात की लगेच पटेल. हलला तर मासा जातो!

तरीही सगळं एवढ्यावर सुटत नाही. अमेरिकेत रॉबिन, म्हणजे आपल्या कस्तूराचा भाऊबंद, संख्येच्या मानाने खूपच जास्त चावला जातो, आणि जागोजाग दिसणारी चिमणी कमी. पक्ष्यांमधून डासांमार्फत माणसांत येणारा वेस्ट नाईल विषाणू तिथे कसा पसरतो ते समजायला ही आवडनिवड फार महत्त्वाची ठरली.

पिल्लांपासून घरात मलेरिया येईल ही भीती काढून टाका. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसने १८९८ मध्ये कलकत्त्यात चिमण्यांवर जो मलेरिया अभ्यासला, तो पक्ष्यांचा वेगळा. माणसाला होत नाही.

घरट्यावर फवारा मारू नका, कॉइलही तिथे लावू नका. आई-बाप पिल्लांना मुख्यतः किडे भरवतात, ते विष त्यांच्या पोटात जाईल. त्यापेक्षा कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलरची टाकी, गच्चीवरचा जुना टायर आठवड्यातून एकदा कोरडे करा. अंड्यापासून उडता डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. आणि पिल्लं दोनेक आठवड्यांत उडतील, तोवर संध्याकाळी त्या बाजूचा दिवा बंद ठेवा, म्हणजे त्यांना निवांत झोपता येईल.