सिस्टरला ट्रेनिंगला पाठवायचं की ट्रेनिंग लेबर रूममध्ये आणायचं?

"आधीच स्टाफ कमी, त्यात दोघी ट्रेनिंगला गेल्या की ड्यूटी लावताना नाकी नऊ येतात. परत आल्यावर काम पहिल्यासारखंच. मग पेशंटला फायदा काय?" हा तुमचा प्रश्न. मी बरीच वर्षं लेबर रूम सांभाळली, म्हणून तिथलंच सांगते.

तुमची शंका रास्त आहे. टांझानियातल्या हेडॉमच्या रुग्णालयात, न रडणाऱ्या नवजात बाळाचा श्वास सुरू करण्याचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. सरावाच्या बाहुलीवर सगळ्यांचे हात सुधारले, खऱ्या बाळांच्या बाबतीत फरक दिसेना. मग तोच सराव दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटं, कामाच्या जागीच सुरू केला. पहिल्या 24 तासांतले बाळांचे मृत्यू हजारी 11.1 वरून 7.2 वर आले. 2015 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

मला यात नवल वाटत नाही. बाळ रडलं नाही तर पुसून, पाठ चोळून, मिनिटभरात बॅग-मास्क, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क बसवून हाताने बॅग दाबत श्वास देणं, सुरू व्हायला हवं. प्रत्यक्षात मास्क कडेने गळत असतो, मान फार मागे गेलेली असते, छाती हलत नाही आणि सिस्टर बॅग आणखी जोरात दाबत राहते. मास्क नीट बसवा, मान सरळ करा, तोंड साफ करा, हे ट्रेनिंगच्या हॉलमध्ये सगळ्यांना पाठ असतं हो! रात्री तीनला, एकटी ड्यूटीवर असताना हात आपसूक तिकडे वळले पाहिजेत.

म्हणून ड्यूटी बदलताना ओव्हर घेतानाच वॉर्मरपाशी, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या टेबलापाशी, उभं राहा. बॅगेचं तोंड तळहातावर दाबून झडप उघडते का बघा. 0 आणि 1 नंबरचे दोन्ही मास्क जागेवर आहेत ना? मग एकीने बाहुलीवर करून दाखवायचं, दुसरीने घड्याळ बघायचं. चुकलं तर तिथेच दुरुस्त, वरून बोलणी नकोत. नाहीतर पुढच्या वेळी कुणी हातच लावणार नाही.

बाहेरचं ट्रेनिंग बंद करा, असं मात्र नाही. बाळाने पोटात शी केली असेल आणि ते मलूल असेल, तर श्वासनलिकेत नळी घालून सरसकट सक्शन करण्याची शिफारस 2015 मध्येच मागे घेतली गेली. तरी आमच्या पिढीच्या सिस्टर आधी सक्शनकडेच धावतात. असं नवं काही बाहेरूनच कळतं. जी जाऊन येईल तिने त्याच आठवड्यात बाकीच्यांना वॉर्मरपाशी करून दाखवावं, नाइटच्या मुलींना धरून. त्या नेहमी राहून जातात.