तंबू ठोकाल, पण चूल कोण पेटवणार?

प्रश्न : मावशी, मी कारंजा तालुक्यातल्या खेड्यात राहते. कापूस विकून झाला की गाडी काढायची, कोकणात किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायचं आणि रात्री तंबूत राहायचं, असं यांनी ठरवलंय. तंबू आणलासुद्धा. मुलं नाचताहेत. सासूबाई म्हणतात, "घरदार असून पालात झोपाचं? लोकं काय म्हनतीन?" मामंजी काहीच बोलत नाहीत. शेगडी, कुकर, पीठ, तिखट-मीठ, सगळी यादी मी करून ठेवली आहे. सासूबाईंना कसं समजावू?

उत्तर : पोरी, तुझं मूळ पत्र चार पानांचं. त्यात समुद्र एका ओळीत आणि डबे-पीठ दीड पानभर! म्हणजे घरचाच स्वयंपाक तू वाळूत करणार, तोही वाऱ्यात, जिथं शेगडी धड पेटत नाही. सासूबाईंचं नंतर बघू. आधी नवऱ्याला विचार, रांधणार कोण? वावरात रोडग्यांचा बेत असला की हेच गडी गोवऱ्या पेटवून पन्नास माणसांचं करतात, वांग्याच्या भाजीसकट. मग सहा जणांचं का जमू नये? तंबूची हौस ज्याची, शेगडी त्याची.

आता सासूबाई. आपल्याकडे पाल म्हणजे पोटासाठी गाव सोडलेल्यांचा निवारा. तो शब्द त्यांना लागतो, हसण्यावारी नेऊ नकोस. शिवाय रात्री उठून लांब जायचं, गुडघे दुखतात, हे त्या बोलणार नाहीत. कोकणात घरगुती निवास पुष्कळ आहेत. त्या दोघांना खोली घ्या आणि मालकाला विचारून तंबू त्याच्याच अंगणात लावा. फक्त नारळाखाली नको, वरून नारळ पडतो.

पहिला मुक्काम हरिहरेश्वरला ठेव. दक्षिण काशी म्हटल्यावर सासूबाईंचा अर्धा विरोध तिथंच गळेल. समृद्धी महामार्गावर तुम्हाला कारंजालाच चढता येतं, पण एका दिवसात समुद्र गाठायचा हट्ट नको, वाटेत रात्र काढा. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून गाडीसकट फेरीबोटीनं सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरता येतं. पुढे वेळासला फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसतात. शाळेला चार दिवस दांडी पडली तर पडू दे.

मामंजी गप्प का, याचा माझा अंदाज सांगते. हरभरा उभा असताना रानडुकरांची राखण कोण करणार? म्हणून सोंगणी झाल्यावरच निघा, नाहीतर राखणदार आधी ठरवा. आणि उघड्यावर रात्र काढणं तुमच्या घरात त्यांच्याइतकं कोणाला कळतं? माळ्यावर जागली करण्यात जन्म गेला असेल त्यांचा. तंबूची जागा त्यांनाच ठरवू द्या.

भरती मात्र त्यांनाही नवी. दिवसातून दोनदा येते, अमावास्या-पौर्णिमेला जास्त चढते. संध्याकाळी पाणी लांब दिसलं तरी सहा तासांत ते पायाशी असतं. हरिहरेश्वरची खडकांवरची प्रदक्षिणा ओहोटीतच, तीही गावकऱ्यांना विचारून. गाडी वाळूत घालू नका, रुतली की चाक फिरतं आणि गाडी खाली जाते.

आणि यादीतून कुकर काढून टाक.