१९७०-७५चे कंट्री आणि रॉक एलपी: यादी नको, जॅकेटची मागची बाजू वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा डिसेंबरात ऑस्टिनहून पुण्याला येतोय, येताना १९७० ते ७५ मधले कंट्री आणि रॉकचे वीसेक एलपी आणायला तयार आहे. तर त्याला कोणते सांगायचे, आणि जुनं प्रेसिंग, म्हणजे त्या काळी छापलेली प्रत, घ्यायचं की हल्ली निघतं ते १८० ग्रॅमचं, जाड रेकॉर्डचं नवं?

पहिलं म्हणजे ‘सर्वोत्तम अल्बम’ छापाची यादी त्याच्या हातात देऊ नका. त्या यादीतले आठ-दहा रॉक अल्बम सगळ्यांनाच हवे असतात. दुकानदार ते भिंतीवर टांगतो आणि भावही तसाच लावतो. त्याच दुकानात खाली जमिनीवर कंट्रीची खोकी पडलेली असतात. मर्ल हॅगार्ड, टॅमी वायनेट, चार्ली प्राइड असे लोक तिथे तीन-चार डॉलरला मिळतात, आणि दोन्हीकडे वाजवणारे हात पुष्कळदा तेच असतात. मी जमवतो तो या हातांचा माग काढत. रॉक अल्बमच्या मागे वादकांची नावं छापलेली असतात, नॅशव्हिलच्या कंट्री अल्बमवर तेव्हा ती बऱ्याचदा नसायची. म्हणून नाव रॉकवरून उचलायचं आणि शोध कंट्रीच्या खोक्यात घ्यायचा.

नील यंगचा ‘हार्वेस्ट’ (१९७२) घ्या. फेब्रुवारी १९७१ मध्ये तो जॉनी कॅशच्या टीव्ही कार्यक्रमासाठी नॅशव्हिलला गेला आणि तिथल्या क्वाड्राफोनिक स्टुडिओत मिळतील ते वादक जमवून त्याने रेकॉर्डिंग सुरू केलं. लिंडा रॉनस्टॅट आणि जेम्स टेलर त्याच कार्यक्रमासाठी गावात होते. ‘हार्ट ऑफ गोल्ड’च्या मागचे आवाज त्यांचे. पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची, पायपट्ट्या असलेली गिटार, बेन कीथची. हाच माणूस पॅट्सी क्लाइनच्या १९६१च्या ‘आय फॉल टु पीसेस’वर होता. ड्रमवर केनी बट्रे, जो डिलनच्या ‘नॅशव्हिल स्कायलाइन’वरही आहे. बट्रेच्या मागे गेलात की ‘एरिया कोड ६१५’ नावाच्या गटाशी येऊन पोचता. नॅशव्हिलच्या स्टुडिओ वादकांनी स्वतःच्या हौसेने काढलेला हा गट, अल्बम दोनच, १९६९ आणि १९७० चे. दुसऱ्यातली माउथ ऑर्गनची एक धून पुढे बीबीसीच्या ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ची ओळखधून झाली.

पीट ड्रेकचा माग तर याहून मजेदार. टॅमी वायनेटच्या ‘स्टँड बाय युअर मॅन’मधलं हुंदके देणारं पेडल स्टील त्याचं. १९७० मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने त्याला ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’साठी लंडनला बोलावून घेतलं. तिथे बीटल्सचाच ड्रमर रिंगो स्टार याला कंट्रीचं किती वेड आहे हे ड्रेकने पाहिलं, त्याला नॅशव्हिलला बोलावलं आणि थोड्याच दिवसांत रिंगोचा ‘बोकूज ऑफ ब्लूज’ हा अल्बम उरकला. बीटल्सवाले हा अल्बम फारसा मनावर घेत नाहीत, मला मात्र रिंगोचा आवाज इतका शोभलेला दुसरीकडे कुठे ऐकू येत नाही. शिवाय तो महागही नसतो.

वीसमध्ये एकच सांगायचा झाला, तर निटी ग्रिटी डर्ट बँडचा ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’ (१९७२), तीन रेकॉर्डचा संच. कॅलिफोर्नियाची ही लांब केसांची पोरं ऑगस्ट १९७१ मध्ये नॅशव्हिलच्या वुडलँड स्टुडिओत गेली आणि मदर मेबेल कार्टर, अर्ल स्क्रग्ज, रॉय एकफ, जिमी मार्टिन अशा बुजुर्गांना घेऊन बसली. सगळं थेट दोन ट्रॅकच्या टेपवर, नंतरची जोडतोड नाही. दोन गाण्यांमधल्या गप्पाही तशाच ठेवल्यात. डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस तिथे पहिल्यांदा भेटतात. डॉकने आपल्या मुलाचं नाव ट्रॅव्हिसवरून मर्ल ठेवलेलं. ती भेट, दोघांचं अवघडलेलं कौतुक, सगळं रेकॉर्डवर आहे. मात्र घेताना तिन्ही रेकॉर्ड आत आहेत ना, आणि त्याच संचातल्या आहेत ना, ते भाच्याला बघायला सांगा. आणखी एक: तेव्हाच्या बऱ्याच दुहेरी-तिहेरी संचांत पहिल्या बाजूच्या पाठीवर दुसरी बाजू नसून शेवटची असते. रेकॉर्ड आपोआप बदलणाऱ्या चेंजरसाठी ती सोय होती, छपाईची चूक नव्हे.

आता जुनं की नवं. माझा ठोकताळा साधा आहे. जे तेव्हा लाखांनी खपलं, त्याचं जुनं प्रेसिंग घ्या, कारण प्रती मुबलक आहेत आणि निवडायला वाव आहे. ‘हार्वेस्ट’, ईगल्सचे पहिले दोन, हॅगार्डचं जवळपास सगळं यात येतं. जे तेव्हा आपटलं, त्याचं चांगलं नवं प्रेसिंग घ्या. फ्लाइंग बरिटो ब्रदर्स किंवा ग्रॅम पार्सन्सचे ‘जीपी’ (१९७३) आणि ‘ग्रीव्हस एंजल’ (१९७४) तेव्हा फारसे कोणी घेतलेच नाहीत. पार्सन्स सप्टेंबर १९७३ मध्ये गेला आणि दुसरा अल्बम त्याच्या पश्चात आला. आज मूळ प्रतींची किंमत ऐकून फेस येतो. संगीत तेच, एमिलू हॅरिसचा आवाज तोच, गिटारवर एल्विसच्या तेव्हाच्या बँडमधला जेम्स बर्टन. या बर्टनला धरून गेलात की परत हॅगार्डच्या साठच्या दशकातल्या रेकॉर्डवर येता, म्हणजे पुन्हा तीन डॉलरच्या खोक्यात.

आरसीए कंपनीच्या नारिंगी लेबलवर ‘डायनाफ्लेक्स’ लिहिलेलं दिसेल. वेलन जेनिंग्जचा ‘हॉंकी टॉंक हीरोज’ (१९७३) त्याच काळातला. या डायनाफ्लेक्स रेकॉर्ड इतक्या पातळ की हातात धरल्या तर लवतात, आणि त्यामुळे लोक उगाच नाक मुरडतात. चांगल्या वाजतात. फक्त डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून बाक आलाय का ते बघायचं. १९७३ च्या अखेरीस तेलाचं संकट आलं, रेकॉर्ड ज्याच्या बनतात ते पीव्हीसी प्लास्टिक महागलं, आणि इतर कंपन्यांनीही माल पातळ केला, जुन्या रेकॉर्ड वितळवून त्यात मिसळल्या. खरखर तिथे जास्त सापडते. म्हणून ७४-७५ चा माल जरा जास्त पारखून घ्या.

पारखायचं कसं? जॅकेटची चमक बघून भुलू नये. रेकॉर्ड बाहेर काढून दिव्याखाली तिरकी धरायची, म्हणजे ओरखडे उठून दिसतात. केसासारख्या बारीक रेषा बहुतेक ऐकू येत नाहीत. नखाला लागतो तो चरा हमखास टकटक करतो. मग लेबलवर मधल्या भोकाभोवती बघायचं. तिथे पांढुरक्या रेघांचं जाळं असेल, तर ती रेकॉर्ड टर्नटेबलवर शेकडो वेळा चढली आहे. आणि तेव्हा घराघरांत कपाटाएवढे रेकॉर्ड प्लेअर (कन्सोल) असत, त्यांची सुई जड. त्याने घळी खरवडलेल्या असतात, जे डोळ्यांना दिसत नाही. दुकानात ऐकायची सोय असेल तर प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं ऐकावं. तिथे आवाज चढला की फाटतो का, एवढंच बघायचं. ऑनलाइन घेणार असाल तर ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुड प्लस) या प्रतवारीच्या खाली जाऊ नका. त्यांच्या भाषेत ‘गुड’ म्हणजे वाईट.

शेवटच्या घळीनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर, म्हणजे डेड वॅक्सवर, कोरलेले आकडे असतात. कोलंबिया कंपनीच्या रेकॉर्डवर १ए, १बी, २सी असं काही दिसेल. ते कुठल्या मूळ कटिंगवरून छापलं ते सांगतं. ‘आरएल’ ही अक्षरं बॉब लडविग या कटिंग करणाऱ्या नामवंत इंजिनिअरची, ती दिसली तर घ्या. बाकी या आकड्यांत भाच्याला गुंतवू नका, फोटो काढून पाठवायला सांगा. लेबलवर ‘सीआरसी’ असेल तर ती रेकॉर्ड क्लबची, म्हणजे सभासदांना टपालाने विकण्यासाठी वेगळी छापलेली प्रत. वाजायला बहुतेक ठीक, पण मूळ प्रतीचे पैसे मोजायचे नाहीत. जॅकेटचा कोपरा कापलेला किंवा भोक पाडलेलं असेल तर तो कट-आउट, न खपलेला माल स्वस्तात काढलेला. आतली रेकॉर्ड पुष्कळदा कोरी असते, मी असे आनंदाने घेतो.

जॅकेटच्या गमतीजमती: रोलिंग स्टोन्सच्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’मध्ये बारा पोस्टकार्डं हवीत. त्यांच्याच ‘स्टिकी फिंगर्स’च्या जॅकेटवरची खरी झिप शेजारच्या रेकॉर्डला बोचते, तो वेगळाच ठेवावा. ईगल्सच्या पहिल्या अल्बमचं जॅकेट उलगडून पोस्टर व्हावं अशी रचना होती, पण कंपनीने ते चिकटवून टाकलं, त्यामुळे उघडत नाही म्हणून परत करू नका.

जिम रीव्हज मात्र तिकडून आणवू नका. तो १९६४ मध्येच विमान अपघातात गेला, पण आरसीए सत्तरच्या दशकातही त्याचे नवे अल्बम काढत राहिली, आणि आपल्याकडे तो तुफान चालला. गोव्यात किंवा वांद्र्याच्या जुन्या घरांतून सामान निघतं तेव्हा तो सापडतोच.

वीस एलपींचं वजन साधारण पाच किलो धरा. ते हातातल्या बॅगेत, उभे. रेकॉर्ड आतल्या कागदी पाकिटासकट जॅकेटच्या बाहेर काढून मागे ठेवायची, नाहीतर धक्क्याने जॅकेटची शिवण फाटते. पुण्यात आल्यावर जुनी कागदी पाकिटं फेकून प्लास्टिकच्या अस्तराची घ्या, कारण पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि बुरशी घळीत उतरते.

तुमच्या टर्नटेबलवर कुठलं कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) आहे ते कळवा, म्हणजे या जुन्या घळींसाठी कुठली सुई बरी ते सांगतो.